सुपारी देणारा मोकळा कसा?

१८ मार्च २०१८. उत्तर सीरियातल्या आफ्रिन शहराच्या मध्यावर एक पुतळा होता, कावा लोहाराचा. कुर्दांची (तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराण अशा देशांत विखुरलेला हा समाज) गोष्ट अशी की जुहाक नावाच्या जुलमी राजाला या लोहाराने मारलं आणि डोंगरावर जाळ पेटवून लोकांना कळवलं की मेला एकदाचा, आणि तो दिवस म्हणजे नवरोज, २१ मार्च. (आपल्या मुंबईतल्या पारशांचा जमशेदी नवरोज त्याच दिवशी असतो आणि जुहाकची गोष्ट त्यांनाही माहीत आहे.) तर नवरोजला तीन दिवस राहिले असताना शहरात घुसलेल्या लोकांनी त्या पुतळ्यावर गोळ्या झाडल्या, मग बुलडोझर आणला आणि तो खाली पाडला. त्याच दिवशी दुकानांची शटर्स फुटली, ट्रॅक्टर, मोटरसायकली, शेळ्या, घरातलं सामानसुमान, जे हाताला लागेल ते गाड्यांमध्ये भरून नेलं. फोटो आहेत, व्हिडिओ आहेत, लपवाछपवी काहीच नव्हती.

हे करणारे बहुतेक लोक तुर्की सैनिक नव्हते. सीरियन होते. तुर्कस्तानने ट्रेनिंग दिलेले, पगार दिलेले, तुर्की रणगाड्यांच्या मागून आणि तुर्की विमानांच्या छत्राखाली आलेले. या सगळ्या गटांची मोट बांधून तिला सीरियन नॅशनल आर्मी असं भारदस्त नाव दिलं गेलं.

मला तेव्हापासून एकच प्रश्न छळतोय. आपल्याकडे सुपारी देऊन खून झाला तर पोलीस काय करतात, नुसता गोळी झाडणारा पकडून फाइल बंद करतात का? नाही ना. पैसे कुठून आले, गाडी कोणाची, कट्टा कोणी पुरवला हे सगळं खणून काढतात आणि सुपारी देणारा घेणाऱ्याच्या बरोबरीने आरोपी होतो. शेंबड्या पोरालाही कळतं हे. मग एखादं सरकार शेजारच्या देशात टोळ्या पोसतं, त्यांना पुढे घालून एक अख्खा मुलूख घेतं आणि लुटीचा विषय निघाला की म्हणतं ती काही माणसांची वैयक्तिक कृत्यं आहेत, चौकशी करू, आणि जग ते ऐकून घेतं, हे कसं काय चालतं? माझं मत स्पष्ट आहे. बंदूक ज्याची, पगार ज्याचा, हिशोबही त्याच्याकडूनच घ्यायचा. बाकी सगळी पळवाट आहे.

आधी लढाई काय होती ते नीट सांगतो, कारण आपल्याकडे कोबानीचं नाव तरी लोकांना माहीत आहे, आफ्रिनचं कोणी घेत नाही. सीरियाचा वायव्य कोपरा, कुर्द डाग म्हणजे कुर्दांचा डोंगर, आणि डोंगर उतारांवर नजर जाईल तिथपर्यंत ऑलिव्हची झाडं. सीरियात गृहयुद्ध पेटलं तेव्हाही हा भाग बऱ्यापैकी शांत राहिला होता, अलेप्पोकडून पळून आलेली माणसं इथे आसऱ्याला होती. ताबा होता वायपीजी या कुर्द संघटनेचा आणि त्यांच्या बायकांच्या तुकडीचा, वायपीजेचा. २० जानेवारी २०१८ ला तुर्कस्तानने हल्ला सुरू केला आणि मोहिमेला नाव दिलं ऑलिव्ह ब्रँच, ऑलिव्हची फांदी, जी जगभर शांततेची खूण मानतात. पहिल्याच दिवशी ७२ विमानं उडाली, हा आकडा तुर्की सैन्याने स्वतः दिलेला आहे. हवाई हद्द रशियाच्या हातात होती, रशियाने आपले निरीक्षक बाजूला काढून घेतले आणि वाट मोकळी करून दिली. इस्लामिक स्टेटशी लढताना ज्या अमेरिकेने याच कुर्दांना पुढे घातलं होतं ती म्हणाली आफ्रिन आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही.

म्हणजे खाली ऑटोमॅटिक बंदुका, खंदक, बोगदे आणि पाठीवर रॉकेट लाँचर घेतलेली पोरं-पोरी, आणि वर एफ-सोळा आणि ड्रोन, आणि समोर जर्मन बनावटीचे लेपर्ड रणगाडे. अझाझच्या बाजूचा बरसाया डोंगर हातून गेला, मार्चच्या सुरुवातीला राजो गेलं, मग जिंदेरेस गेलं. डोंगरात छोट्या तुकड्यांनी दबा धरायचा, मारायचं आणि सरकायचं, ही गनिमी रीत विमानापुढे किती दिवस चालणार? तरी ५८ दिवस चालली. शेवटी शहर वेढलं जायला लागलं तेव्हा वायपीजीने शहरात लढायचं नाही असं ठरवलं, लोकांना बाहेर काढलं आणि सांगितलं की इथून पुढे गनिमी युद्ध. संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबाने १,३७,००० च्या आसपास माणसं घरदार सोडून निघाली.

त्या दिवसांतली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आफ्रिनच्या दक्षिणेला ऐन दारा नावाचं तीन हजार वर्षांपूर्वीचं देऊळ आहे. त्याच्या उंबऱ्याच्या दगडांत अनवाणी पावलं कोरलेली आहेत, एकेक पाऊल मीटरभर लांब, म्हणजे देव चालत गाभाऱ्यात गेला असं दाखवलंय. आपल्याकडे गौरी आणताना दारापासून आतपर्यंत पावलं काढतात ना, बघितल्यावर मला पहिलं तेच आठवलं. जानेवारी २०१८ मध्येच त्या देवळावर बॉम्ब पडला आणि मोठा भाग ढासळला. तीन हजार वर्षं टिकलेलं ते एका दिवसात गेलं, आणि नंतर तिथला काळ्या दगडाचा सिंहसुद्धा चोरीला गेला. बॉम्ब विमानातून पडतो, म्हणजे सरकारचा. सिंह चोरणारे सरकारच्या जिवावर आलेले. मला यात फारसा फरक दिसत नाही.

आता कोणी म्हणेल की टोळ्या कशाला वापरल्या, तुर्कस्तानकडे नाटोतलं दुसऱ्या नंबरचं सैन्य आहे. पण कारण उघड आहे. स्वतःच्या पोरांच्या शवपेट्या घरी आल्या की मतदार विचारतो, सीरियन पोरगा मेला की अंकारात कोणी विचारत नाही. दुसरं म्हणजे हात झटकता येतात. आणि तिसरं, जे मला सगळ्यात वाईट वाटतं, लूट हाच पगाराचा भाग करता येतो. हे आपल्याला नवीन नाही, शिंदे-होळकरांच्या फौजांमागे पेंढारी असायचे, त्यांना सरकारी पगार नसायचा, लुटा आणि खा हीच परवानगी, आणि त्या पेंढाऱ्यांनी गावंच्या गावं कशी उजाड केली हे आपल्याच इतिहासात लिहिलेलं आहे. तिथेही सरदार म्हणू शकत होते की ते आमचे शिपाई नाहीत. पण रयतेच्या शापांत नाव सरदारांचंही होतं.

कुर्दांच्या बाबतीत तर हा खेळ सव्वाशे वर्षांचा आहे आणि इथे मी त्यांची बाजू घेतो म्हणून झाकून ठेवणार नाही, सुरुवातीला त्या खेळातली सोंगटी कुर्दच होते. १८९१ मध्ये सुलतान दुसरा अब्दुल हमीद याने कुर्द टोळ्यांचं घोडदळ उभं केलं, स्वतःच्या नावाने, हमीदिये. त्यांना बंदुका दिल्या, मान दिला, आणि पुढे १८९४ ते ९६ च्या आर्मेनियन कत्तलींमध्ये या घोडदळाचे हात रक्ताने माखले. सुलतानाला काय, सगळं टोळीवाल्यांच्या नावावर खपवता आलं. ज्यांना तेव्हा बंदूक मिळाली त्यांच्या नातवंडांवर पुढे तीच युक्ती उलटली.

इराकमध्ये बघा. बगदादच्या सरकारने कुर्द गनिमांविरुद्ध, पेशमर्गांविरुद्ध, कुर्दांचेच टोळीप्रमुख विकत घेऊन फौजा केल्या. सरकारी नाव काय तर सलाहुद्दीनचे घोडेस्वार, आणि सलाहुद्दीन स्वतः कुर्द! लोकांनी मात्र त्यांना एकच नाव ठेवलं, जाश, म्हणजे गाढवाचं शिंगरू. १९८८ च्या अनफाल मोहिमेत सद्दामच्या सैन्याबरोबर हे जाश वाटाडे म्हणून गेले, कुठल्या दरीत कोणतं गाव आहे हे परक्या सैनिकाला काय माहीत, ते शेजारच्यालाच माहीत असतं. माफी मिळेल असं सांगून माणसांना दरीतून खाली आणलं आणि ती माणसं पुढे सामूहिक खड्ड्यांत गेली, किमान ५०,००० जीव गेले असा ह्यूमन राइट्स वॉचचा अंदाज आहे. पण त्याच जाशांपैकी काहींनी गुपचूप बायका-पोरांना पळवून लावलं हेही खरं आहे, आणि मार्च १९९१ मध्ये रानिया गावातून उठाव झाला तेव्हा हेच जाश हजारोंनी उलटले आणि सद्दामने दिलेल्या बंदुका सद्दामवरच रोखल्या. भाड्याच्या बंदुकीचं हे असंच असतं, ती कुठे वळेल हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

तुर्कस्तानात १९८५ ला कोरुजू आले, गावरक्षक. आधीच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९८४ ला, पीकेके या कुर्द बंडखोर संघटनेने एरुह आणि शेमदिनली इथे हल्ले करून सशस्त्र लढा सुरू केला होता. सरकारने १९२४ चा जुना ग्रामकायदा बदलला आणि कुर्द खेड्यांतल्या माणसांना पगार आणि रायफल द्यायला सुरुवात केली. कागदावर ते गावाचं रक्षण. प्रत्यक्षात गावापुढे दोनच रस्ते, बंदूक घ्या नाहीतर गाव सोडा. घेतली तर पीकेके मारणार, नाही घेतली तर लष्कर घरं जाळणार. नव्वदच्या दशकात हजारो वाड्या-वस्त्या रिकाम्या झाल्या, तुर्की संसदेच्याच समितीने १९९८ मध्ये विस्थापितांचा आकडा ३,७८,३३५ दिला. आणि पीकेकेने काय केलं? जून १९८७ मध्ये पिनारजिक गावात गावरक्षकांच्या कुटुंबांवर हल्ला करून ३० जणांना मारलं, त्यात लहान मुलं होती. याला मी स्वातंत्र्याचा लढा म्हणणार नाही. कोणी कितीही समजावलं तरी नाही.

या गावरक्षकांच्या रायफलचं पुढे काय झालं ते ४ मे २००९ ला मार्दिन प्रांतातल्या बिल्गे गावात दिसलं. साखरपुड्याचा समारंभ चालू होता, काही मंडळी नमाजाला उभी होती, आणि भावकीच्या वैरातून आलेल्या माणसांनी ४४ जणांना मारलं. मारणारे गावरक्षक होते. पीकेकेचा काही संबंध नाही, दहशतवादाचा नाही, नुसतं घराण्याचं भांडण, पण हातात सरकारी रायफल आणि ग्रेनेड. भावकीची भांडणं कुठल्या गावात नसतात? आपल्याकडे बांधावरून डोकी फुटतात, कोर्टात तीन पिढ्या जातात. पण तिथे भांडणाच्या एका बाजूला सरकारने शस्त्र दिलेलं होतं, आणि काठ्या-कुऱ्हाडींवर जे थांबलं असतं ते ४४ प्रेतांवर जाऊन थांबलं.

आणि हे फक्त तिकडचं पाप आहे असं समजू नका. गडचिरोलीच्या पलीकडे, इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड, तिथे २००५ पासून सलवा जुडूम चाललं, आदिवासीच्या हातात बंदूक देऊन आदिवासीवर सोडलं. फरक एवढाच की आपल्या सुप्रीम कोर्टाने ५ जुलै २०११ ला सांगितलं की अर्धशिक्षित आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून सशस्त्र लढाईत उतरवणं घटनाबाह्य आहे, हे बंद करा. निकालाची अंमलबजावणी कशी झाली यावर भांडता येईल, पण कोर्टाने बोट बरोबर जागी ठेवलं होतं, सरकारवर.

मग आंतरराष्ट्रीय कायदा काय म्हणतो? इथे खरी गोम आहे. १९८४ मध्ये निकाराग्वाने अमेरिकेवर केस केली होती, अमेरिका काँट्रा बंडखोरांना पैसे, शस्त्रं, ट्रेनिंग सगळं देत होती. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ मध्ये अमेरिकेला दोषी ठरवलं, निकाराग्वात ढवळाढवळ केली, बळाचा वापर केला म्हणून, पण काँट्रांनी केलेले अत्याचार अमेरिकेच्या नावावर टाकायला नकार दिला. का, तर त्या एकेका कारवाईवर अमेरिकेचं प्रत्यक्ष नियंत्रण होतं हे सिद्ध व्हायला हवं. म्हणजे तुम्ही टोळी पोसा, फक्त कुठलं घर जाळायचं याचा आदेश कागदावर देऊ नका, की सुटलात. युगोस्लाव्हियाच्या लवादाने १९९९ मध्ये तादिच खटल्यात जरा सैल कसोटी लावली, एकूण नियंत्रण असलं तरी पुरे, पण हेगचं कोर्ट २००७ मध्ये बोस्नियाच्या केसमध्ये पुन्हा जुन्याच कडक कसोटीवर गेलं. ज्या कसोटीमुळे पोसणाऱ्याला आदेश न देण्याचं बक्षीस मिळतं ती कसोटी चुकीची आहे असं माझं ठाम मत आहे, मोठमोठ्या न्यायाधीशांनी लावली असली तरी.

पण आफ्रिनला त्या कसोटीचीही गरज नाही, हाच माझा मुख्य मुद्दा आहे. आफ्रिनमध्ये तुर्कस्तान पडद्यामागे नव्हता. तिथे तुर्की सैन्याच्या चौक्या होत्या, तुर्की लिरा चालत होता, कारभार सीमेपलीकडच्या हाताय प्रांतातून हलत होता. याला ताबा म्हणतात, आणि १९०७ च्या हेग नियमांपासून ठरलेलं आहे की ज्याचा ताबा त्याने तिथली सुव्यवस्था राखायची. २००५ मध्ये काँगो विरुद्ध युगांडा केसमध्ये कोर्टाने सांगितलं की काँगोतल्या इतुरी भागावर युगांडाचा ताबा होता, त्यामुळे तिथे इतर सशस्त्र गटांनी केलेले अत्याचार न रोखल्याबद्दलही युगांडाच जबाबदार, आणि २०२२ मध्ये साडेबत्तीस कोटी डॉलर भरपाई लावली. त्याहून जवळचा दाखला तर तुर्कस्तानचाच आहे. टिटिना लोइझिडू नावाची सायप्रसची बाई, उत्तर सायप्रसमधल्या किरेनियात तिची जमीन, १९७४ ला तुर्की सैन्य घुसल्यापासून तिला तिथे जाता येईना. तुर्कस्तान म्हणाला आमचा संबंध नाही, तिथे वेगळं सरकार आहे. युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं, एवढं सैन्य तुमचं तिथे बसलंय, नियंत्रण तुमचं, जबाबदार तुम्हीच. तुर्कस्तानने कुरकुर करत २००३ च्या डिसेंबरात पैसे भरले.

किरेनियातल्या एका बाईच्या जमिनीला जो न्याय तोच आफ्रिनमधल्या ऑलिव्हच्या बागेला का नको?

बागांचं सांगतो. आफ्रिनमध्ये ऑलिव्ह म्हणजे आपल्या कोकणातल्या हापूससारखं, पोरीचं लग्न, घराचं छप्पर सगळं त्यावर. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. ताबा गेल्यावर पहिल्याच हंगामात टोळ्यांनी बागा वाटून घेतल्या, कुठे मालकाकडून पिकाचा हिस्सा, कुठे अख्खी बागच, आणि पुढच्या थंडीत झाडं सरपणासाठी तोडली. आणि ते तेल गेलं कुठे? नोव्हेंबर २०१८ मध्ये तुर्कस्तानच्या कृषिमंत्र्यांना संसदेत यावर प्रश्न विचारला गेला तर त्यांनी नाकारलं नाही, उलट हे उत्पन्न पीकेकेच्या हाती जाऊ नये, ते आपल्याकडे यावं, तो भाग आपल्या अंमलाखाली आहे अशा अर्थाचं उत्तर दिलं. तेल घेताना अंमल तुमचा आणि लुटीचा हिशोब विचारला की अंमल टोळीवाल्यांचा, हे मी तरी मान्य करणार नाही.

बाकी काय काय झालं याची जंत्री मोठी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०२० मध्ये लिहिलं की ओलीस धरणं, छळ, बलात्कार, घरांवर कब्जे हे या गटांकडून चाललंय आणि ते युद्धगुन्हे ठरू शकतात. १२ ऑक्टोबर २०१९ ला हेवरीन खलफ या ३४ वर्षांच्या राजकीय नेत्या, शिक्षणाने सिव्हिल इंजिनीअर, हायवेवर गाडी थांबवून त्यांना मारलं, अहरार अल शर्किया या गटाने. आणि २० मार्च २०२३, भूकंपाने जिंदेरेस भुईसपाट होऊन दीड महिना झालेला, एका कुर्द कुटुंबाने घराबाहेर नवरोजचा जाळ पेटवला म्हणून तुर्कस्तान-समर्थित गटाच्या माणसांनी त्याच कुटुंबातल्या चौघांना गोळ्या घातल्या. कशासाठी, तर थोड्या लाकडांच्या जाळासाठी.

तुर्कस्तानची बाजू मला कळत नाही असं नाही. पीकेकेशी चाळीस वर्षं लढाई, ४०,००० च्या वर माणसं मेली, वायपीजी ही त्याच विचाराची आणि त्याच नेत्याला, अब्दुल्ला ओजलानला, मानणारी संघटना, सीमेला लागून तिचं राज्य कोणत्याही सरकारला खुपणारच. वायपीजीनेही अल्पवयीन पोरांना भरती केलेलं आहे, काही अरब गावांची घरं पाडल्याचा आरोप ॲम्नेस्टीने २०१५ मध्ये केला होता. हे सगळं धरूनसुद्धा प्रश्न जागेवरच राहतो. सीमा राखायचा हक्क आहे म्हणून शेतकऱ्याचा ट्रॅक्टर नेणाऱ्याला पगार द्यायचा हक्क मिळतो का?

आता परिस्थिती पालटली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियाचा सत्ताधीश असद पडला, त्याच धामधुमीत आफ्रिनजवळचं तेल रिफात हे शहर घेतलं गेलं आणि आफ्रिनमधून तिथे येऊन राहिलेल्यांना दुसऱ्यांदा बाडबिस्तरा उचलावा लागला. १० मार्च २०२५ ला कुर्द सेनापती मझलूम अब्दी आणि नवे राष्ट्राध्यक्ष अहमद अल शरा यांच्यात करार झाला, काही कुटुंबं आफ्रिनला परतली. ११ जुलै २०२५ ला इराकमध्ये सुलेमानियाजवळ पीकेकेच्या ३० जणांनी, बायका आणि पुरुष दोघांनी, एका मोठ्या कढईत आपल्या बंदुका ठेवून जाळल्या. मी तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि दोन्ही वेळा गलबलून आलं.

पण सरकारने वाटलेल्या बंदुका कोणत्या कढईत जाणार आहेत? तुर्कस्तानचे गावरक्षक अजून सरकारी पगारावर आहेत. सीरियात हेवरीन खलफ यांना मारणाऱ्या गटाचा म्होरक्या, ज्याच्यावर अमेरिकेने २०२१ मध्ये निर्बंध घातले होते, तो नव्या सीरियन सैन्यात डिव्हिजनचा कमांडर झाला, आफ्रिनमध्ये नाव गाजलेल्या इतर गटांचे म्होरकेही तसेच. काल टोळी, आज रेजिमेंट, मागचं सगळं धुऊन निघालं. कुर्द नेत्यांशी वाटाघाटी करताना दमास्कस आणि अंकारा दोघंही शस्त्र खाली ठेवा एवढंच बोलतात, आणि युरोपही माना डोलावतो. मला वाटतं की शस्त्र खाली ठेवण्याची प्रत्येक चर्चा या दुसऱ्या बंदुकांपासून सुरू व्हायला हवी, आणि त्यांच्यासोबत २०१८ पासूनच्या आफ्रिनच्या घरांचा आणि बागांचा हिशोब टेबलावर यायला हवा, कोणत्या गटाने कोणतं घर घेतलं आणि त्या गटाला त्या महिन्याचा पगार कोणी दिला याच्यासकट. लोइझिडू बाईंनी अर्ज केला होता १९८९ मध्ये, पैसे मिळायला चौदा वर्षं लागली. आफ्रिनमधल्या माणसाकडे सहसा एक किल्ली असते, जमिनीचा एखादा जुना कागद असतो आणि झाडं किती होती हा आकडा असतो, तो मात्र त्याला तोंडपाठ असतो.